साखर कुठलीही घाला, पण मोजून घाला

शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. वीकांताला साडेसातला माझा फोन वाजवायची हिंमत दोघांतच आहे, एक प्रॉडक्शन सपोर्ट आणि दुसरा मंद्या. मंद्या सध्या मिनियापोलिसला असतो, त्यामुळे त्याची शुक्रवारची रात्र म्हणजे आमची शनिवारची सकाळ. निरोप असा होता :

"पाच गॅलन बिअर तयार. उद्या बाटल्या भरतोय. प्रायमिंगची कॉर्न शुगर संपलीये, पण इंडियन स्टोअरमधून मस्त कोल्हापुरी गूळ आणलाय. किती चमचे घालू? अंदाजे सांग. दिवाळीच्या गेट-टुगेदरला सगळ्यांना देशी टच देऊया."

शेवटचं वाक्य वाचायच्या आधीच माझी झोप उडाली होती. 'अंदाजे' या शब्दावर.

आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक भलत्याच शंका काढतात. मी बिअर बनवायचो ती अमेरिकेत, ऑनसाईटला होतो त्या दोन वर्षांत. परत येताना सगळं सामान, म्हणजे प्लास्टिकचा पिंप, नळ्या, झाकणं दाबायचं यंत्र, मंद्याच्या गळ्यात घालून आलो. इथे विक्रोळीत कन्नमवार नगरच्या आमच्या वन-बीएचकेत मी फक्त चहा बनवतो, आणि तोही आईच्या मते पाणचट. का नाही बनवत, ते पुढे येईलच.

तर मंद्याला दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण मग लक्षात आलं की हा प्रश्न मलाही पडला होता, मीही तेव्हा जालावर आठवडाभर 'बेस्ट प्रायमिंग शुगर' शोधत बसलो होतो, आणि ते शोधण्याच्या नादात ज्याकडे बघायला हवं होतं तिकडे बघितलंच नव्हतं. म्हणून हा लांबलचक रतीब. ज्यांना बिअरमध्ये रस नाही त्यांनीही वाचावा, कारण विषय शेवटी बिअरचा नाहीये.

प्रायमिंग म्हणजे काय रे भाऊ?

गोटी सोडा आठवतोय? निळसर-हिरवी जाड बाटली, मानेत अडकलेली काचेची गोटी, अंगठ्यानं दाबली की 'ठॉक' आणि फेस. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ साली त्या बाटलीचं पेटंट घेतलं होतं. तर त्या सोड्यात गॅस बाहेरून दाबानं भरलेला असतो. कारखान्यातल्या बहुतेक बिअरचंही तेच.

घरी बिअर करणाऱ्याकडे सिलिंडर नसतो. त्याच्याकडे असतं यीस्ट. माल्टच्या पाण्यातली साखर खाऊन यीस्टनं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साईड केला, गॅस पिंपातून उडून गेला, आणि हातात उरली सपक, बसलेली बिअर. पण यीस्ट अजून जिवंत असतं. बाटली भरताना त्याला थोडी साखर द्यायची आणि झाकण घट्ट लावायचं. यीस्ट ती साखर खातं, पुन्हा गॅस करतं, पण आता त्याला पळायला जागा नाही. तो मुकाट बिअरमध्ये विरघळतो. दोन-तीन आठवड्यांनी बाटली उघडली की फस्सऽऽ. या शेवटच्या साखरेला म्हणतात प्रायमिंग शुगर.

शॅम्पेन याच तत्त्वावर बनते, आणि शॅम्पेनच का, आपल्या नारायणगावला १९८० च्या दशकात शातो इंडाज या वायनरीनं बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून फेसाळणारी वाईन केली होती. 'ओमर खय्याम' नावानं ती परदेशातही विकली गेली. म्हणजे जुन्नर तालुक्यातली मंडळी हे शास्त्र मंद्याच्या आणि माझ्या जन्माआधीपासून जाणून होती. असो.

आता माझा पराक्रम

माझी पहिली बॅच. जानेवारी महिना, बाहेर उणे पंधरा, घरात हीटर. पुस्तकात लिहिलेलं : पाऊण कप कॉर्न शुगर. घरात कॉर्न शुगर नव्हती, साधी साखर होती. मी पाऊण कप साधी साखर घातली. कप तो कप, नाही का?

नाही! कॉर्न शुगर पिठासारखी हलकी, पाऊण कपात साधारण ११५ ग्रॅम मावते. दाणेदार साखर पाऊण कपात १५० ग्रॅम भरते. वर साखर ग्रॅमला ग्रॅम गॅसही जास्त देते. ही झाली चूक नंबर एक.

चूक नंबर दोन याहून मोठी. पिंपातली बिअर पूर्ण आंबली आहे की नाही ते हायड्रोमीटरनं बघायचं असतं. सलग तीन दिवस आकडा हलला नाही, तरच बाटल्या भरायच्या. माझा आकडा अजून उतरत होता, चार-पाच पॉईंट बाकी होते. पण रविवार होता, सोमवारपासून रिलीज होतं, मला वेळ त्याच दिवशी होता. 'चार पॉईंटनं काय होतंय' म्हणून भरून टाकल्या पन्नास बाटल्या आणि ठेवल्या कपड्यांच्या कपाटात, उबेला.

अकराव्या रात्री दोनच्या सुमाराला मोठा आवाज झाला. मला वाटलं वर कोणी काहीतरी पाडलं. माझा रूममेट माझ्याआधी उठला, कपाटाच्या दारातून पाणी येतंय बघून त्यानं दार उघडलं, आणि नेमकी तेव्हाच दुसरी बाटली फुटली. काच त्याच्या उजव्या तळहातात घुसली. सहा टाके पडले. पुढचे तीन आठवडे तो एका हातानं कोड टाईप करत होता. मला एक शब्द बोलला नाही. इमर्जन्सीचं बिल मी भरलं, पण बिल भरून असल्या गोष्टी फिटत नाहीत. डोळ्याच्या उंचीवरचा कप्पा होता तो. तळहाताच्या जागी डोळा असता तर? हा विचार मला आजही कधीकधी रात्री दोनला येतो.

बाकीच्या बाटल्या कशा आवरल्या? बाल्कनीचं दार सताड उघडून रात्रभर खोली गोठवली. गार झालं की गॅस बिअरमध्ये जास्त विरघळतो आणि दाब उतरतो. सकाळी गॉगल, जाड जॅकेट, हातमोजे घालून, प्रत्येक बाटलीवर जाड ब्लँकेट टाकून एकेक झाकण उघडलं. सात फुटल्या होत्या, त्रेचाळीस ओतल्या. फर्स्ट रिलीज, फुल रोलबॅक.

गणित (घाबरू नका, आठवीचं आहे)

बिअरमधला गॅस मोजतात 'व्हॉल्यूम'मध्ये. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर गॅस विरघळलेला असेल तर एक व्हॉल्यूम, म्हणजे वजनात जवळजवळ २ ग्रॅम. नेहमीच्या बिअरला साधारण २.४ व्हॉल्यूम लागतात.

पैकी थोडा गॅस बिअरमध्ये आधीच असतो. २० अंश सेल्सिअसला आंबलेल्या बिअरमध्ये साधारण ०.८५ व्हॉल्यूम. राहिले दीड. आता एक लिटर बिअरमध्ये एक व्हॉल्यूम आणायला साधी साखर लागते साधारण ३.८ ग्रॅम आणि कॉर्न शुगर ४.४ ग्रॅम. म्हणजे लिटरला साखर सहा ग्रॅमच्या आत-बाहेर, नाहीतर कॉर्न शुगर पावणेसात. पाच गॅलन म्हणजे १९ लिटर. साखर ११० ग्रॅम, कॉर्न शुगर १३० ग्रॅम. संपलं गणित.

आता माझी बॅच बघा. १५० ग्रॅम साखरेनं दोन व्हॉल्यूम आले, आधीचे ०.८५ धरून पावणेतीन-तीन. एवढं साधी बाटली सहन करते. पण न आंबलेला प्रत्येक पॉईंट बाटलीत साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस करतो. चार पॉईंट म्हणजे आणखी दोन व्हॉल्यूम! एकूण गेलं पाचच्या घरात. साध्या बिअरच्या बाटलीत तीन-साडेतीनच्या पुढे जाऊ नये असं म्हणतात. माझ्या बाटल्यांत शॅम्पेनच्या तोडीचा दाब होता, फक्त शॅम्पेनची जाड बाटली नव्हती.

इथे माझा मुद्दा क्रमांक एक. साखर कुठली, याच्या चुकीनं फरक पडतो ०.२ व्हॉल्यूमचा. कप की वजन, याच्या चुकीनं अर्ध्याचा. आणि आंबून झालंय की नाही हे न बघण्यानं दोनचा! आणि मी आठवडाभर वाचत काय बसलो होतो? साखर कुठली. आपल्या धंद्यात याला प्रीमॅच्युअर ऑप्टिमायझेशन म्हणतात. बॉटलनेक भलतीकडेच, आणि इथे तर अक्षरशः बॉटलनेक!

तरीपण, साखर कुठली?

बरं, विचारलंच आहे तर एकेक उमेदवार घेऊ.

कॉर्न शुगर : म्हणजे डेक्स्ट्रोज, म्हणजे आपलं ग्लुकोज. पुस्तकांची लाडकी, कारण अमेरिकेत मका उदंड. शुद्ध, यीस्टला सोपी, चवीत काही सोडत नाही. चांगलीच आहे. पण 'हिच्याशिवाय होत नाही' ही निव्वळ अंधश्रद्धा.

साधी साखर : माझं मत हिला. लोक म्हणतात हिनं बिअरला सायडरसारखी आंबूस चव येते. ही ख्याती जुन्या किटांची, ज्यांत माल्टची काटकसर करून अर्धी ताकद किलो-किलो साखरेतून काढायचे. प्रायमिंगला आपण घालतो लिटरला सहा ग्रॅम, आणि मुळात माल्टमधून आलेला अर्क असतो लिटरला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. पाच टक्क्यांची चव ओळखणारी जीभ असेल तर तुम्ही आयटीत काय करताय? यीस्टकडे साखर तोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करणारं एन्झाईम स्वतःचं असतं, त्याला आपल्या मदतीची गरज नाही. आणि शॅम्पेनवाले बाटलीत काय घालतात? उसाची किंवा बीटची साधी साखरच, लिटरला सुमारे २४ ग्रॅम. त्यांचं चालतं, मंद्याचं चालत नाही?

आणि आपण कुठले? महाराष्ट्रातले. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या राज्याचं राजकारण, शिक्षणसंस्था, दूधसंघ सगळं साखरेभोवती फिरतंय. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळणारी साखर जवळजवळ शंभर टक्के सुक्रोज असते. कुठल्याही लॅबमधलं रसायन इतक्या स्वस्तात इतकं शुद्ध मिळत नाही. एकच काळजी : पिठीसाखर घेऊ नका, विकतच्या पिठीसाखरेत बरेचदा मक्याचं पीठ मिसळलेलं असतं. खडीसाखर चालेल, तीही सुक्रोजच. बेल्जियन कँडी शुगरचे पांढरे खडे महाग पाकिटात मिळतात, ते बघून मला दर वेळी देवळातल्या प्रसादाची वाटी आठवायची.

मध : चालतो. पण त्यात पाणी असतं, म्हणून साखरेपेक्षा साधारण तीस टक्के जास्त लागतो, आणि मधाचा सुगंध एवढ्याशा मात्रेत फारसा कळत नाही. पैसे वाया.

माल्टची पावडर : 'बिअरमध्ये बिअरचंच' म्हणणाऱ्या सोवळ्या लोकांसाठी. दीडपट लागते, वेळ जास्त घेते, ब्रँडप्रमाणे बदलते.

लॅक्टोज : बिअरचं यीस्ट ही खातच नाही. गॅस शून्य.

आणि आता आला गूळ.

गुळाची गोष्ट

मंद्या, गुळावर माझं प्रेम तुझ्याइतकंच आहे. पुरणपोळी गुळाची, चिक्की गुळाची, संक्रांतीचा लाडू गुळाचा, याबाबत तडजोड नाही. पण प्रायमिंगला गूळ नको, आणि कारण चवीचं नाहीच.

कारण असं की गूळ म्हणजे एक पदार्थ नाही. उसाचा रस आटवताना त्यात किती सुक्रोज राहिलं, किती तुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झालं, पाणी किती उरलं, हे ऊस, जमीन, गुऱ्हाळ आणि कढईपाशी उभ्या असलेल्या गुळव्याचा हात यावर ठरतं. सुक्रोज साधारण ६५ पासून ८५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. त्यात मळी काढायला भेंडीचा चिकट रस, कुठे चुना, कुठे रंग उजळायला हायड्रॉस. शिवाय ढेप पावसाळ्यात पाणी धरते. एकाच ढेपेचा वरचा आणि आतला तुकडा सारखा नसतो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा मला अभिमान आहे, पण मानांकन म्हणजे स्पेसिफिकेशन शीट नव्हे.

गुळाची चव हवी ना? मग तो उकळताना घाल, आंबवायच्या आधी. तिथे पाचशे ग्रॅमचे साडेचारशे झाले तरी बिघडत नाही, अल्कोहोल थोडं कमी-जास्त होईल, एवढंच. पिंपाला हवा जायला वाट असते. चुकलं तर चुकीला बाहेर पडायला जागा आहे. बाटलीत ती जागा नाही. जिथे वाट आहे तिथे हौस करावी, जिथे झाकण घट्ट आहे तिथे साधी साखर आणि वजनकाटा. हा माझा मुद्दा क्रमांक दोन, आणि खरं तर एकुलता एक.

यावर माझी आई म्हणेल (म्हणालीच) : "अरे, मी चाळीस वर्षं अंदाजानंच करते सगळं. कधी बिघडलं?" खरंय. पण आईचा अंदाज म्हणजे अंदाज नाहीच. पाक एकतारी झाला की नाही ते ती दर दहा सेकंदांनी बोटांत धरून बघते. कढई उघडी असते, समोर असते, चुकतंय असं दिसलं की ती गॅस बारीक करते. म्हणजे सतत मोजमाप चालूच आहे, फक्त काट्यावर नाही. बंद बाटलीला बोट लावता येत नाही. तिचा निकाल तीन आठवड्यांनी, एकदाच, आणि कधीकधी रात्री दोनला लागतो.

बाबांना हे समजवावं लागलं नाही. त्यांनी बत्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. त्यांच्याकडे 'अंदाजे' ही शिवी होती. किस्सा सांगितल्यावर ते फक्त एवढंच म्हणाले, "गेज नव्हता का घरात?" गेज होता, बाबा. मी बघितला नाही.

आई आणि २००४

आईला मी ही भानगड परत आल्यावर सांगितली, तीही अर्धवट. 'घरी बिअर बनवायचो' एवढं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

विक्रोळीत राहणाऱ्या माझ्या आईच्या वयाच्या बाईला 'घरी बनवलेली' म्हटलं की एकच गोष्ट आठवते. २००४ साली इथे विषारी दारूनं ऐंशीहून जास्त माणसं गेली. मी शाळेत खालच्या वर्गात होतो, मला फक्त मोठ्यांची कुजबुज आठवते. आई तेव्हा शाळेत शिकवायची. तिच्या वर्गातली दोन भावंडं आधी आठवडाभर आली नाहीत आणि मग शाळाच सोडून गेली. त्यांच्या आईला धुणीभांडी धरावी लागली. "त्यांनाही कुणीतरी सांगितलंच असेल ना, काही होत नाही म्हणून," आई म्हणाली. पुढे २०१५ साली मालाडच्या मालवणीत तेच झालं, शंभरावर माणसं मेली.

मी लगेच शास्त्र सांगायला लागलो. की बाई गं, ते मिथेनॉल होतं. यीस्ट माल्टपासून किंवा साखरेपासून जे बनवतं त्यात मिथेनॉल नगण्य असतं. ती माणसं आंबवण्यामुळे मेली नाहीत, कुणीतरी स्वस्तातलं औद्योगिक मिथेनॉल दारू म्हणून विकलं त्यामुळे मेली. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, आधी डोळे जातात. सगळं बरोबर होतं माझं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्या मुलाच्या हाताला किती टाके पडले म्हणालास?"

गप्प बसलो. शास्त्र माझ्या बाजूनं होतं आणि तरी हात कापला होता, कारण शास्त्र माहीत असणं आणि ते त्या रविवारी पाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता कायद्याचं. मी इथे का बनवत नाही? कारण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९, म्हणजे पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम. त्यातली दारूची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की मद्यार्क असलेला कुठलाही द्रव त्यात बसतो, आणि परवान्याशिवाय तो बनवणं गुन्हा. ब्रिटनमध्ये १९६३ साली अर्थमंत्री मॉडलिंग यांनी घरगुती बिअरवरचा परवाना काढून टाकला. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केली : एका प्रौढामागे वर्षाला १०० गॅलन, घरात दोघं असतील तर २००, विकायची नाही. तिथेही अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं २०१३ पर्यंत अडून होती.

महाराष्ट्रात २००९ साली पुण्यात 'डूलाली' सुरू झालं, त्यानंतर मायक्रोब्रुअरी आल्या, आपण वीकांताला तिथे रांगा लावतो. साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल बनतं, सरकारला त्यातून महसूल मिळतो. पण स्वतःपुरती वीस लिटर, न विकता, बनवायची सोय नाही. मला हे विसंगत वाटतं. मर्यादा घाला, नोंदणी ठेवा, ऊर्ध्वपातनाला म्हणजे भट्टीला सक्त मनाई ठेवा, पण आंबवण्याला परवानगी द्या, असं माझं मत आहे.

मात्र आईशी बोलल्यानंतर या मताला मी एक पुरवणी जोडली आहे. आपण शिकलेले लोक असं धरून चालतो की धोका 'त्यांच्या' दारूत आहे, आपल्या हौशीत नाही. आपण कसे, वाचून करतो, फोरम बघतो, इंपोर्टेड यीस्ट आणतो. मीही वाचून केलं होतं. मिथेनॉलचं पाप आणि माझी घाई एका मापाची नक्कीच नाही, तिथे लोभ होता, इथे आळस. पण काच लागली ती माझ्या हाताला नाही, दुसऱ्याच्याच. परवानगी मागायची तर आधी 'अंदाजे' सोडावं लागेल.

तर मंद्या, तुझ्यासाठी

एक. आज बाटल्या भरू नकोस. आज, उद्या, परवा हायड्रोमीटर बघ. तिन्ही आकडे सारखे आले तरच पुढे.

दोन. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घे. वीस डॉलरच्या आत येतो. तुझ्या एका पिझ्झ्याचे पैसे.

तीन. साधी साखर, १९ लिटरला ११० ग्रॅम. पिंपात बिअर कमी भरली असेल तर लिटरला सहाच्या आत धर. दीड कप पाण्यात दहा मिनिटं उकळ, गार कर, स्वच्छ बादलीत ओत, वर नळीनं बिअर सोड आणि हलक्या हातानं ढवळ. नाहीतर एक बाटली सपक आणि दुसरी बॉम्ब. चमच्यानं बाटलीबाटलीत साखर घालत बसू नकोस.

चार. एक बाटली प्लास्टिकची भर, सोड्याची रिकामी चालेल. ती दाबून बघता येते. दगडासारखी झाली की समज, आत गॅस झालाय, आणि सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये टाक. एवढंच एक बोट आपल्याला बंद बाटलीला लावता येतं.

पाच. बाटल्या झाकणाच्या खोक्यात ठेव, कपाटात नाही, आणि उबेपासून लांब. २.४ व्हॉल्यूमची तीच बाटली २० अंशांवर पावणेदोन बार दाब दाखवते आणि ३५ अंशांवर तीन बार. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोनच्या आसपास असतो. दिवाळीच्या पार्टीला पोरं घरभर पळत असतील, त्यांच्या हाताला लागेल अशा जागी तर अजिबात नको.

आणि गूळ? त्याच्या चिक्क्या कर. पार्टीला पोरांसाठी देशी टच तोच.

हे सगळं टंकून पाठवलं तेव्हा तिकडे मध्यरात्र झाली होती. मंद्याचं उत्तर आलं, "एवढं? मी फक्त चमचे विचारले होते." पाच मिनिटांनी दुसरं आलं, "आकडा बघितला. काल १०१६, आज १०१४. थांबतो."

मी उठलो, चहा टाकला. आईनं कपात बघून नेहमीचं तोंड केलं. "साखर किती घातलीस?"

"अंदाजे," मी म्हणालो.

चहाचं भांडं उघडं असतं, तिथे चालतं.